वार काढली, तरी तेराव्या दिवशी पुन्हा रक्त का?

ताई,

तुमच्या पत्राचा फोटो मला ज्या दुपारी मिळाला, त्या दुपारी सदराची वाट पाहण्याइतका वेळ तुमच्या लेकीकडे नव्हता. म्हणून आधी फोन केला आणि तिला लगेच रुग्णालयात हलवायला सांगितले. तुम्ही कोणताही वाद न घालता गाडी काढलीत, याचे मला मोठे समाधान आहे. आता ती उपचार घेऊन घरी आली आहे. तुमच्याच परवानगीने आणि नावगाव वगळून, फोनवर घाईत सांगता आले नाही ते सगळे सविस्तर लिहिते, कारण तुम्ही विचारलेले प्रश्न अनेक घरांत विचारले जातात आणि त्यांची उत्तरे बहुधा शेजारणीच देतात.

वाचकांसाठी पत्रातला मजकूर थोडक्यात सांगते. ताईंची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तालुक्याच्या ठिकाणी मुलगी झाली, बाळ छान रडले, पण चाळीस मिनिटे झाली तरी वार, म्हणजे प्लासेंटा, पडली नाही. नर्सबाईंनी नाळ ओढून काढण्यास नकार दिला आणि सलाइन लावून १०८ च्या गाडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. वाटेत बराच रक्तस्राव झाला. तिथे भूल देऊन डॉक्टरांनी हाताने वार काढली, दोन पिशव्या रक्त चढवले आणि चौथ्या दिवशी घरी सोडले. बाराव्या दिवशी बारसे झाले. तेराव्या दिवशी सकाळपासून अंगावरून पुन्हा लालभडक जाऊ लागले, लिंबाएवढ्या गुठळ्या पडल्या, अंगात १०१ ताप होता आणि स्रावाला दुर्गंधी येत होती. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की पिशवीतली घाण जाते आहे, जाऊ द्यावी, अडवू नये. विहीणबाईंचे म्हणणे असे की त्या नर्सने वेळेवर नाळ ओढली असती तर हे काहीच झाले नसते. ताईंनी विचारले आहे: वारेचा तुकडा आत राहिला असेल का, चूक कोणाची, लेकीला दूध इतके कमी का, आणि पुढचे बाळंतपण सुरळीत होईल का?

आधी विहीणबाईंच्या म्हणण्याकडे वळते, कारण त्या नर्सबाईंवर अन्याय होऊ नये असे मला मनापासून वाटते.

बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय झपाट्याने आकसते. ज्या भिंतीला वार चिकटलेली असते ती भिंत लहान होते, वार मात्र आकसू शकत नाही, आणि म्हणून ती भिंतीपासून सुटते. ती सुटल्यावर तिथल्या उघड्या रक्तवाहिन्यांना गर्भाशयाचेच स्नायू चहूबाजूंनी आवळून बंद करतात. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही आवळण्याची क्रिया नीट होणे किती मोलाचे आहे ते कळेल. आजकाल प्रत्येक बाळंतपणात बाळ जन्मल्यावर मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दिले जाते, ते याचसाठी. ते दिल्यावर बहुतेक वेळा पंधरा मिनिटांच्या आत वार पडते. तीस मिनिटे उलटूनही ती पडली नाही तर आम्ही तिला अडकलेली वार म्हणतो. इंजेक्शन न देता नैसर्गिकपणे वाट पाहिली जात असेल, तर ही मर्यादा काही ठिकाणी एक तासाची धरतात. योनीमार्गे होणाऱ्या शंभर बाळंतपणांपैकी साधारण एक ते तीन बाळंतपणांत असे घडते. म्हणजे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही आणि बहुतेक वेळा त्यात कोणाचाही दोष नसतो.

अडकण्याची कारणे तीन प्रकारची असतात आणि त्यांतला फरक ओळखणे हेच निदान होय. कधी वार सुटलेली असते, पण गर्भाशयाचे तोंड तिच्या आधी आवळले जाते आणि ती आतच कोंडली जाते. कधी गर्भाशय थकलेले असते, कळा मंदावलेल्या असतात आणि वार पूर्णपणे किंवा अर्धवट चिकटून राहते. तिसरा प्रकार क्वचितचा, पण सर्वांत धोक्याचा: वारेची मुळे गर्भाशयाच्या स्नायूंतच रुतलेली असतात. आधी सिझर झालेले असेल किंवा पिशवी खरवडून साफ केलेली असेल, तर ही शक्यता वाढते. वार सुटल्याची खूण अनुभवी हातांना कळते. नाळ आपणहून लांबते, अचानक थोडे रक्त येते आणि पोटावर हात ठेवला तर गर्भाशय गोल, कडक होऊन वर सरकलेले लागते. या खुणा दिसल्या की एका हाताने गर्भाशय वरून आधार देऊन धरायचे आणि दुसऱ्या हाताने नाळेला हलका, सतत ताण द्यायचा, ही शिकलेल्या माणसाने करायची रीत आहे. खुणा नसताना जोर लावून नाळ ओढणे ही वेगळीच गोष्ट आहे. तसे केल्यास नाळ तुटते, वारेचे तुकडे होतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे मोजा उलटा व्हावा तसे गर्भाशय आतून बाहेर उलटते. तसे झाले तर काही मिनिटांत बाळंतीण शॉकमध्ये जाते. तेव्हा विहीणबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की नर्सबाईंनी नाळ ओढली नाही, मूत्राशय रिकामे केले, सलाइन लावले आणि वेळ न दवडता गाडी बोलावली, हे सगळे त्यांनी बरोबर केले.

पत्रात तुम्ही असेही लिहिले आहे की गाडी येईपर्यंत गावातल्या एका जाणत्या बाईने लेकीच्याच वेणीचे टोक लेकीच्या तोंडात घालून तिला उबळ आणायला लावली, कारण वार छातीत चढेल अशी त्या बाईला भीती होती. वार गर्भाशयाच्या बाहेर वर चढू शकत नाही. वर दिसते ते रक्ताने भरत चाललेले गर्भाशय असते आणि त्याचा अर्थ आतल्या आत रक्त साठते आहे असा होतो. उबळ आणल्याने वार सुटत नाही, उलट आधीच अशक्त झालेल्या बाईच्या श्वासनलिकेत ओकारी जाण्याची भीती असते. त्या बाईचा हेतू वाईट नव्हता, हे मी जाणते. पण पुढच्या वेळी कोणी असे करू लागले, तर तिचा हात धरून थांबवा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती पुष्कळांना उलटी वाटते. वार पूर्ण चिकटलेली असेल तर रक्त फारसे येतच नाही. ती अर्धवट सुटली की रक्ताचा लोंढा सुरू होतो, कारण सुटलेल्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि आत राहिलेली वार गर्भाशयाला नीट आकसू देत नाही. तुमच्या लेकीला पहिल्या अर्ध्या तासात रक्त कमी होते आणि गाडीत अचानक वाढले, त्याचे कारण हेच असावे. म्हणून रक्त दिसत नाही तोवर घाई कशाला, हा विचार या बाबतीत जीवघेणा ठरतो. बाळाला छातीशी लावावे, बाळंतिणीला लघवी करू द्यावी, जमल्यास थोडे उठून बसू द्यावे, पण हे सारे गाडीची व्यवस्था चालू असताना करावे.

मोठ्या रुग्णालयात जे केले गेले तेही समजून घ्या. भूल दिल्यावर डॉक्टरांचा एक हात पोटावरून गर्भाशय धरून ठेवतो. कोपरापर्यंत मोजा घातलेला दुसरा हात नाळेच्या मागाने आत जातो, वारेची कड शोधतो आणि तळहाताची बाजू सरकवत तिला भिंतीपासून अलगद सोडवतो. वार आणि भिंत यांच्यामध्ये सुटण्याची जागाच सापडत नसेल, तर हात तिथेच थांबवावा लागतो, कारण ती रुतलेली वार असू शकते आणि ती ओढण्याचा हट्ट केल्यास रक्तस्राव आवरत नाही. अशा वेळी कधी कधी गर्भाशय काढून बाईचा जीव वाचवावा लागतो. तुमच्या लेकीच्या बाबतीत जागा सापडली, वार निघाली, नंतर गर्भाशय आकसावे म्हणून ऑक्सिटोसिन दिले, आणि हात आत घालावा लागल्यामुळे जंतुसंसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविकही दिले. रक्तस्राव जास्त असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचे औषध शिरेतून देतात, पण ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यावे लागते. तिच्या कागदावर त्याची नोंद मला दिसली.

तुमची शंका खरी ठरली, तुकडा आत राहिला होता. मग एवढे सगळे नीट होऊनही तो कसा राहिला?

हाताने काढलेली वार पुष्कळदा अखंड निघत नाही. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो वजनाची, भाकरीसारखी गोल असते आणि तिच्या भिंतीकडच्या बाजूला पंधरा ते वीस खंड असतात. ती ताटात पसरून, रक्त पुसून, एकेक खंड शेजारच्या खंडाला जुळतो का हे बघावे लागते. कुठे खड्डा दिसला तर तो तुकडा आत आहे असे समजावे. एखादी रक्तवाहिनी पडद्याच्या कडेपर्यंत जाऊन मध्येच तुटलेली दिसली, तर मुख्य वारेपासून वेगळा असा एक छोटा जादा खंड आत राहिला असण्याची शक्यता असते. मी नवी डॉक्टर असताना एका ग्रामीण रुग्णालयात होते. रात्री तीन बाळंतपणे लागोपाठ झाली, आणि त्या गडबडीत एकीची वार कोणी नीट न बघताच टाकून दिली गेली. दहाव्या दिवशी ती बाई तापाने फणफणलेली, पांढरीफटक होऊन परत आली. ती वाचली, पण त्या दिवसापासून कितीही घाई असली तरी वार दिव्याखाली पसरून पाहिल्याशिवाय मी ती रुग्णालयातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाऊ दिलेली नाही. आपल्याकडे वार हळद-कुंकू वाहून पुरण्याची चाल होती आणि तिच्यामागे वारेविषयीचा आदर होता. पुरण्याआधी ती निरखून पाहिली गेली असती, तर त्या आदराचा बाळंतिणीला अधिक उपयोग झाला असता.

अर्थात नीट तपासूनही नखाएवढा तुकडा नजरेतून सुटू शकतो, विशेषतः वार तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागली असेल तेव्हा. म्हणून या प्रसंगात चूक कोणाची हे शोधण्यापेक्षा, घरी पाठवताना कोणत्या खुणा दिसल्या तर परत यायचे हे तुम्हाला सांगितले होते का, हा प्रश्न मी विचारला. तुम्ही नाही म्हणालात. उणीव असेल तर ती इथे आहे आणि ती रुग्णालयाला लेखी कळवण्याचा तुम्हाला हक्क आहे.

त्या खुणा आता लिहून ठेवा. बाळंतपणानंतर पहिले तीन-चार दिवस स्राव लाल असतो, मग दहाव्या दिवसापर्यंत तपकिरी-गुलाबी होत जातो आणि पुढे पिवळसर-पांढरा होऊन चार ते सहा आठवड्यांत थांबतो. साधारण दुसऱ्या आठवड्यात वारेच्या जागेवरची खपली सुटते तेव्हा तास-दोन तास थोडे लाल जाऊ शकते आणि आपोआप थांबते. त्याला घाबरण्याचे कारण नाही. पण कमी होत आलेला स्राव पुन्हा लाल होऊन वाढत गेला, तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागले, मोठ्या गुठळ्या पडल्या, ताप १००.४ किंवा त्याहून अधिक झाला, ओटीपोट दाबल्यावर दुखू लागले, दुर्गंधी आली, छातीत धडधड होऊन चक्कर आली, यांपैकी एकही गोष्ट घडली तर ती पिशवीतली घाण नव्हे. बाळंतपणानंतर २४ तासांपासून पुढचे सहा आठवडे, आणि क्वचित बारा आठवड्यांपर्यंत, असा उशिराचा रक्तस्राव होऊ शकतो. आत राहिलेला तुकडा आणि जंतुसंसर्ग ही त्याची दोन मुख्य कारणे, आणि ती बऱ्याचदा एकत्रच येतात. घाण जाऊ द्यावी असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आपल्या काळात अशा किती बाळंतिणी पंधरवड्यात गेल्या ते आठवून पाहावे, असे मी कळवळ्याने म्हणते.

तुमच्या लेकीची सोनोग्राफी झाली तेव्हा गर्भाशयाच्या पोकळीत तीन सेंटिमीटरचा भाग दिसला आणि कलर डॉप्लरवर त्यात रक्तप्रवाह दिसला. नुसत्या सोनोग्राफीवर मी कधीच निर्णय घेत नाही, कारण बाळंतपणानंतर साचलेल्या गुठळ्या वारेच्या तुकड्यासारख्याच दिसू शकतात आणि कित्येक बायकांची पिशवी विनाकारण साफ केली जाते. रक्तप्रवाह दिसला तर तुकड्याची शक्यता वाढते, पोकळी रिकामी आणि अस्तर पातळ दिसले तर ती फारच कमी होते. पण शेवटी रक्तस्राव, ताप, तपासणीत गर्भाशयाचे तोंड उघडे आहे का, या सगळ्यांचा एकत्र विचार करावा लागतो. तुकडा लहान असेल, ताप नसेल, रक्त थेंबभरच जात असेल, तर काही दिवस लक्ष ठेवून थांबता येते किंवा गर्भाशय आकसण्याचे औषध देऊन पाहता येते. इथे तशी परिस्थिती नव्हती. ताप होता, रक्त वाढत होते आणि हिमोग्लोबिन ७.६ वर आले होते. म्हणून आधी शिरेतून प्रतिजैविके सुरू केली, एक पिशवी रक्त दिले आणि दुसऱ्या दिवशी भूल देऊन, सोनोग्राफीच्या नजरेखाली, नळीच्या ओढीने तुकडा काढला. धारदार उपकरणाने खरवडणे तिथल्या डॉक्टरांनी मुद्दाम टाळले. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचे गर्भाशय लोण्यासारखे मऊ असते, त्याला भोक पडू शकते, आणि आतले अस्तर खोलवर खरवडले गेले तर भिंती एकमेकींना चिकटून पुढे पाळी कमी होण्याचा किंवा दिवस न राहण्याचा त्रास उद्भवू शकतो. काढलेला तुकडा तपासणीला पाठवला आहे. त्याचा अहवाल न विसरता आणा.

आता दुधाविषयी. वारेतून तयार होणारे प्रोजेस्टेरॉन दूध उतरू देत नाही. वार पडल्यावर ते झपाट्याने घटते आणि दोन-तीन दिवसांत छाती भरून येते. वारेचा तुकडा आत राहिला तर हे लांबू शकते, आणि त्यात एवढे रक्त गेल्याने अंगात त्राणही राहत नाही. लेकीला कोणी दोष देऊ नये आणि तिने स्वतःलाही देऊ नये. तुकडा निघाल्यावर दूध वाढू लागल्याचे तुम्ही कळवलेत, तेव्हा मला फार बरे वाटले. बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायला घ्यावे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपाची भाजी आनंदाने द्यावी, पण त्यांच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. रोज एक याप्रमाणे त्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्याही चहासोबत नव्हे. तिचे हिमोग्लोबिन पाहता डॉक्टरांनी शिरेतून लोह देण्याचे सुचवले आहे, ते जरूर घ्या. पोट करकचून बांधणे आणि बंद खोलीतली शेगडी मात्र आता पुरे. काही आठवड्यांनीही दूध अजिबात येईनासे झाले, सतत गळून गेल्यासारखे वाटू लागले आणि पुढे पाळीही आलीच नाही, तर मोठ्या रक्तस्रावानंतर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झाली आहे का, हे तपासावे लागते. ही गोष्ट क्वचित घडते, आणि आत्ता तशी काही चिन्हे नाहीत.

एक विचारायचे राहून गेले होते ते कागद पाहिल्यावर कळले. लेकीचा रक्तगट निगेटिव्ह आणि नातीचा पॉझिटिव्ह आहे. अशा बाळंतिणीला, पुढच्या गर्भाला धोका होऊ नये म्हणून, ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि हाताने वार काढली असेल तर बाळाचे अधिक रक्त आईच्या रक्तात मिसळण्याची शक्यता असल्याने मात्रेचा वेगळा विचार करावा लागतो. तिला ते वेळेवर मिळाल्याची नोंद आहे.

खर्चाची काळजी तुम्ही एका ओळीत लिहिली होती. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी हे सारे मोफत आहे, आणि पुढे त्यात बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीच्या उपचारांचाही समावेश झाला. बाहेरून आणायला लावलेल्या औषधाची पावती जपून ठेवा आणि तुमच्या आशाताईंना सोबत घेऊन अधीक्षकांना भेटा.

पुढच्या बाळंतपणाबाबत खरे तेच सांगते. एकदा वार अडकलेल्या बाईची पुढच्या वेळी ती पुन्हा अडकण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तरीही बहुतेकींचे पुढचे बाळंतपण सुरळीत पार पडते. निदान दोन वर्षांचे अंतर ठेवावे. संसर्ग पूर्ण बरा झाल्याची खात्री झाल्यावर तांबी बसवता येईल, तोवर दुसरे साधन वापरावे. दिवस राहिल्यावर पहिल्याच तपासणीत हा सगळा इतिहास सांगावा, सोनोग्राफीत वार कुठे आणि कशी चिकटली आहे हे मुद्दाम पाहायला सांगावे, सातव्या महिन्याच्या आत हिमोग्लोबिन ११ च्या वर नेण्याचा प्रयत्न करावा. बाळंतपण अशाच ठिकाणी ठरवावे जिथे रक्तसाठा आहे आणि भूलतज्ज्ञ चोवीस तास मिळतो. उपकेंद्रात किंवा घरी मुळीच नाही. तुमच्या गावापासून तालुका बावीस किलोमीटर आणि त्यात घाटरस्ता, तेव्हा नववा महिना पूर्ण होण्याआधीच तिला रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवलेत तर उत्तम. माहेरपणाचा मान त्याने कमी होत नाही.

दोन्ही वेळचे डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा कागद आणि तुकड्याच्या तपासणीचा अहवाल एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून लेकीजवळच ठेवा, तुमच्या कपाटात नको. ती सासरी जाईल तेव्हा ते तिच्याबरोबर जायला हवेत. वरच्या कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत एवढेच लिहा: मागच्या वेळी वार हाताने काढली, तेराव्या दिवशी पुन्हा रक्तस्राव, मग तुकडा काढला, रक्तगट निगेटिव्ह. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला तिला घेऊन याल तेव्हा नातीलाही आणा.